कोजागरीचे दूध आणि शिंकांचा ऋतू

आश्विनी पौर्णिमेच्या रात्री रायपूरच्या शंकर नगरातील मराठी घरांच्या गच्च्यांवर आटीव दुधाचे पातेले चांदण्यात ठेवले जाते. दुधात केशर, वेलदोडा, जायफळ आणि छत्तीसगडच्या रानातून आलेली चारोळी असते. चंद्र माथ्यावर आला की पेले भरले जातात आणि त्यांतला एखादा पेला हमखास मागे सारला जातो. तो नाकारणाऱ्याचे नाक पंधरवडाभर गळत असते, डोळे चुरचुरत असतात आणि सकाळी उठताच शिंकांची माळ लागत असते. "दूध नको, कफ वाढेल," असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात आणि त्यावर सहसा कोणी वाद घालत नाही.

त्याच रात्री चित्रकूटमध्ये दम्याचे रुग्ण दुरून येऊन जमतात. शरद पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवलेल्या खिरीत औषध मिसळून ते त्यांना दिले जाते. ही खीर दुधाचीच असते. म्हणजे ज्या रात्री एका गच्चीवर कफाच्या भीतीने दूध टाळले जाते, त्याच रात्री मध्य भारतात दुसरीकडे श्वासाच्या विकारावर दूधच औषधाचे वाहन होते. दोन्ही समजुती जुन्या आहेत आणि दोन्ही अनुभवाचा हवाला देतात.

मग दुग्धजन्य पदार्थ सोडल्याने ऋतुमानाने होणारी ॲलर्जी खरोखर कमी होते का? उपलब्ध पुराव्याचे उत्तर असे की, ज्याला दुधाचीच ॲलर्जी नाही, त्याच्या परागकणांच्या ॲलर्जीवर दूध सोडणे हा उपाय ठरलेला नाही. परंतु हे उत्तर मिळण्यास दोनशे वर्षे लागली आणि त्या वाटेवर वैद्यकाला एक अवघड गोष्ट शिकावी लागली. घशाला जे जाणवते आणि नाकात जे घडते, त्या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

कफ या शब्दाचा प्रवास

रायपूरला दुधाचा स्वतःचा एक इतिहास आहे. मराठाकालीन भित्तिचित्रे बाळगणारा येथील दूधाधारी मठ महंत बलभद्रदास यांच्या नावाशी जोडलेला आहे. ते केवळ दुधावर राहत, म्हणून त्यांना दूधाधारी म्हटले गेले, अशी परंपरा सांगते. दुधाला पूर्णान्न मानणारी आणि दुधाला कफकारक मानणारी अशा दोन्ही दृष्टी या एकाच शहरात शेजारी नांदत आल्या आहेत.

'दुधाने कफ होतो' या समजुतीचे मूळ शोधू लागले की आयुर्वेदाकडे बोट दाखवले जाते. परंतु मूळ ग्रंथ घरगुती वाक्यापेक्षा बरेच सावध आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात गाईचे दूध जीवनीय आणि रसायन म्हणून गौरवले आहे. दह्याच्या बाबतीत निर्बंध आहेत. ते रात्री खाऊ नये. शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत ते बहुधा निंद्य समजावे. पण त्याच प्रकरणात दही ज्या विकारांत हितकर म्हणून सांगितले आहे, त्यांत पीनसाचा, म्हणजे वाहत्या नाकाच्या जुनाट विकाराचा, समावेश आहे. ज्या ग्रंथाच्या नावाने आज वाहत्या नाकाला दही वर्ज्य केले जाते, तोच ग्रंथ पीनसात दह्याची शिफारस करतो.

गोंधळाचे एक कारण शब्दात आहे. आयुर्वेदातला कफ हा त्रिदोषांपैकी एक आहे; स्निग्धता, गुरुत्व, शैत्य, स्थैर्य अशा गुणांचा तो समुच्चय आहे. समान गुणांच्या पदार्थांनी समान गुण वाढतो, या तत्त्वानुसार स्निग्ध आणि गुरू असलेले दूध कफ वाढवते, असे विधान त्या चौकटीत सुसंगत ठरते. बोलीभाषेत मात्र कफ म्हणजे खोकल्यातून पडणारा बेडका किंवा नाकातला चिकट स्राव. शास्त्रीय संज्ञेतले विधान बोलीतल्या शब्दावर चढले आणि 'दूध कफकारक आहे' याचा अर्थ 'दूध प्यायल्याने नाकात शेंबूड तयार होतो' असा झाला. मूळ सिद्धांत मान्य असो वा नसो, या दोन विधानांत अंतर आहे.

ही समजूत केवळ भारताची नाही. ग्रीक वैद्यकातल्या चार रसांपैकी एक श्लेष्म्याशी निगडित होता आणि थंड, ओलसर पदार्थ तो वाढवतात असे मानले जाई. बाराव्या शतकाच्या अखेरीस मैमोनिडीज या ज्यू वैद्याने एका प्रतिष्ठित रुग्णासाठी दम्यावर ग्रंथ लिहिला. त्यात आहाराचे सविस्तर नियम आहेत आणि दुधाबद्दल सावधगिरीचा सल्ला आहे. पारंपरिक चिनी वैद्यकातही दुधाचा आणि श्लेष्म्याचा संबंध जोडलेला आढळतो. विसाव्या शतकात अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ बेंजामिन स्पॉक यांच्या बालसंगोपनावरील लोकप्रिय पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्तीने हाच धागा पुढे नेला. इतक्या दूरदूरच्या संस्कृतींना एकच गोष्ट जाणवली असेल, तर जाणिवेला काहीतरी आधार असला पाहिजे. तो आधार काय, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत जाईपर्यंत सुटणार नव्हता.

शत्रू हवेत सापडला

ऋतुमानाच्या ॲलर्जीचा आधुनिक इतिहास एका रुग्णापासून सुरू होतो आणि तो रुग्ण स्वतः वैद्य होता. 16 मार्च 1819 रोजी लंडनमध्ये जॉन बोस्टॉक यांनी वैद्यांच्या सभेपुढे एक प्रकरण मांडले. दर उन्हाळ्यात डोळे लाल होणे, नाक वाहणे, शिंका येणे आणि छाती आवळल्यासारखी होणे अशी त्याची लक्षणे होती. रुग्ण ते स्वतःच होते आणि हा त्रास त्यांना लहानपणापासून होता. रक्त काढणे, रेचके, अफू यांसारखे त्या काळचे उपाय करूनही फार फरक पडला नव्हता. 1828 मध्ये त्यांनी आणखी 28 रुग्णांची माहिती गोळा केली आणि उन्हाळ्याची उष्णता हे कारण धरले. लोक त्या आजाराला 'हे फीव्हर', म्हणजे वाळल्या गवताचा ताप, म्हणू लागले होते. बोस्टॉक यांना ते पटत नव्हते. या बाबतीत लोकसमजूत तज्ज्ञापेक्षा सत्याच्या अधिक जवळ होती.

उष्णता की गवत हा वाद मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी सोडवला. त्यांना स्वतःला हाच आजार होता. त्यांनी वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी गवताचे परागकण स्वतःच्या नाकात, डोळ्यांत आणि खरवडलेल्या त्वचेवर लावून पाहिले. हिवाळ्यात, उष्णतेचा मागमूस नसतानाही, साठवलेल्या परागकणांनी तीच लक्षणे निर्माण झाली. मग त्यांनी चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या उघड्यावर ठेवून दर दिवशी त्यांवर बसलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. पतंगाला पट्ट्या बांधून त्या उंच आकाशात चढवल्या, तेव्हा जमिनीजवळच्या हवेपेक्षा वर अधिक परागकण सापडले. एखाद्या शेताजवळ न जाताही शहरातल्या माणसाला शिंका का येतात, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळाले. 1873 मध्ये त्यांनी हे सारे पुस्तकरूपाने मांडले. हवेतल्या कणांची मोजणी आणि लक्षणांची नोंद शेजारी शेजारी ठेवल्यावर दोन्ही आलेख एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात, हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण होते.

पुढचे टप्पे भराभर आले. 1906 मध्ये व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडवला. 1911 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क अत्यल्प मात्रेत टोचून शरीराची सहनशीलता वाढवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आजची ॲलर्जीची लस त्याच वाटेने आली आहे. 1921 मध्ये ब्रेस्लाऊ येथे कार्ल प्राउसनिट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर यांनी एक विलक्षण प्रयोग केला. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत आणि प्राउसनिट्झ यांना गवताचे परागकण. क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव प्राउसनिट्झ यांच्या पोटाच्या त्वचेत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशांचा अर्क टोचला, तेव्हा तेथे गांध उठली. ॲलर्जी रक्तातल्या कोणत्यातरी घटकातून वाहून नेता येते, हे सिद्ध झाले. शिवाय हा घटक नेमका असतो, हेही दिसले. माशांसाठीचा घटक माशांनाच ओळखतो. एका माणसाची अन्नाची ॲलर्जी आणि दुसऱ्याची परागांची ॲलर्जी या एकाच यंत्रणेच्या दोन वेगळ्या किल्ल्या आहेत.

1966 मध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने तो घटक वेगळा केला. पाठोपाठ स्वीडनच्या उप्साला येथील योहान्सन आणि बेनिख यांनीही स्वतंत्र वाटेने तो गाठला. 1968 मध्ये त्याचे नाव इम्युनोग्लोब्युलिन ई असे ठरले. चित्र आता पुरे झाले होते. नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर हे प्रतिपिंड बसलेले असतात. ओळखीचा परागकण आला की पेशी फुटून हिस्टामीन सोडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, चेतातंतू चाळवतात, ग्रंथी पाणी सोडतात. शिंक, खाज आणि वाहते नाक त्यातून येते. या साखळीत दूध कोठेही नाही. ते आत यायचे, तर दुधातल्या प्रथिनांना ओळखणारे वेगळे प्रतिपिंड शरीरात असावे लागतील.

पुण्यापासून रायपूरपर्यंतची हवा

भारतात हवेतल्या ॲलर्जीकारकांचा अभ्यास 1950 च्या दशकापासून आकाराला आला. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डी. एन. शिवपुरी यांनी परागकणांची पद्धतशीर नोंद केली आणि त्वचाचाचण्यांशी ती जोडली. महाराष्ट्राचे नाव या इतिहासात एका तणामुळे येते. 1955 च्या सुमारास पुण्यात आर. एस. राव यांना एक अनोळखी वनस्पती दिसली आणि 1956 मध्ये त्यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली. तीच पार्थेनियम हिस्टेरोफोरस, म्हणजे गाजर गवत किंवा काँग्रेस गवत. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सर्रास सांगितले जाते. काही वर्षांतच पुणे परिसरातील शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर चिवट त्वचारोग दिसू लागला. 1974 मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी त्याचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केले. पुढे बंगळूरच्या संशोधकांनी याच वनस्पतीच्या परागांमुळे नाकाची ॲलर्जी होते, हेही दाखवले.

या तणाच्या कथेत दूध एका वेगळ्याच दाराने येते. गाजर गवत चरलेल्या जनावरांच्या दुधाला कडवट चव येते. म्हणजे तणाचा अंश दुधात उतरतो. तरीही पुण्यातल्या रुग्णांचा आजार दुधातून आलेला नव्हता. तो रोपाच्या स्पर्शाने आणि वाऱ्याने आला. उपायही तेथेच शोधले गेले. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दर ऑगस्टमध्ये देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो, तो हे गवत फुलण्याआधी उपटले जावे म्हणून.

रायपूरच्या हवेला हे सारे लागू पडते. पावसाळा सरताना येथे रिकाम्या भूखंडांवर, रेल्वेरुळांच्या कडेला आणि नाल्यांच्या काठी गाजर गवत आणि हरळीसारखी गवते फुललेली असतात. छत्तीसगड म्हणजे धानाचा कटोरा. आश्विन-कार्तिकात धानाची कापणी आणि मळणी सुरू होते. ओल्या पेंढ्यावर आणि पावसात भिजलेल्या भिंतींवर वाढलेल्या अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम यांसारख्या बुरशींचे बीजाणू हवेत मिसळतात. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातील संशोधकांनी शहराच्या हवेतील बुरशींचा अभ्यास केलेला आहे. त्यातच सिलतरा आणि उरला येथील कारखान्यांची धूळ आहे. ती ॲलर्जी निर्माण करत नसली तरी आधीच सुजलेल्या नाकाला चाळवते. कोजागरीचा चंद्र नेमका या हवेतून वर येतो. गच्चीवरच्या पेल्यातल्या दुधावर संशय जातो, कारण ते डोळ्यांना दिसते. परागकण दिसत नाहीत.

दुधाची परीक्षा

दुधावरच्या आरोपाची थेट तपासणी ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे झाली. 1990 मध्ये कॅरोल पिनॉक आणि सहकाऱ्यांनी 60 निरोगी स्वयंसेवकांना सर्दीच्या विषाणूचा मुद्दाम संसर्ग दिला. दहा दिवस प्रत्येकाने किती दूध घेतले, कोणती लक्षणे जाणवली, हे लिहून ठेवले. नाक पुसलेले कागदी रुमाल बंद पिशव्यांत गोळा करून त्यांचे वजन केले गेले. 51 जणांच्या, म्हणजे 510 दिवसांच्या, नोंदी हाती आल्या. कोणी दिवसाला अजिबात दूध घेत नव्हते, तर कोणी अकरा पेलेही घेत होते. नाकातला स्राव शून्यापासून 30.4 ग्रॅमपर्यंत होता. या दोन आकड्यांत कोणताही संख्याशास्त्रीय संबंध आढळला नाही. मात्र ज्यांचा 'दुधाने कफ होतो' यावर विश्वास होता, त्यांनी खोकला आणि चोंदल्याची तक्रार अधिक केली. त्यांच्या रुमालांचे वजन मात्र इतरांपेक्षा जास्त भरले नाही.

तक्रार खरी आणि स्राव मात्र तेवढाच, हे कसे? 1993 मधल्या प्रयोगाने त्याचा उलगडा केला. काहींना गाईचे दूध आणि काहींना सोयाबीनचे पेय दिले गेले; दोन्हींना कोको आणि पुदिन्याचा असा स्वाद दिला होता की कोणते पेय कोणते, हे ना पिणाऱ्याला ओळखू येत होते, ना देणाऱ्याला माहीत होते. घशावर थर बसल्यासारखे वाटणे, सारखे गिळावेसे वाटणे, लाळ दाट झाल्याचा भास होणे या साऱ्या जाणिवा दुधाने झाल्या आणि सोयाबीनच्या पेयानेही झाल्या. म्हणजे कारण दुधात नव्हते, पेयाच्या पोतात होते. दूध म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या स्निग्ध थेंबांचे पायस. ते लाळेत मिसळले की लाळेतल्या प्रथिनांमुळे थेंब एकमेकांना चिकटतात, मिश्रण काही काळ दाट होते आणि जिभेवर, घशात रेंगाळते. चरकाला, मैमोनिडीजला आणि शंकर नगरातल्या आजीला जाणवलेला थर खरा आहे. तो श्लेष्मा मात्र नाही आणि काही वेळात गिळला जातो.

येथे एक प्रामाणिक नोंद आवश्यक आहे. ॲडलेडचे प्रयोग सर्दी आणि जाणिवा यांवरचे होते. परागांच्या ॲलर्जीवरचे नव्हते. शिवाय 2019 मध्ये ब्रिटनमधील एका यादृच्छिक चाचणीत वेगळा सूर उमटला. घशात सतत श्लेष्मा साठल्याची तक्रार असलेल्या सुमारे शंभर लोकांना दुग्धविरहित आहारावर ठेवून मग कोणाला दूध असलेले, तर कोणाला नसलेले पेय दिले गेले. दूध नसलेल्या गटाने स्राव कमी झाल्याचे सांगितले. हा निकाल दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण तो काही दिवसांचा आहे, रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेला आहे आणि मुळात घशात श्लेष्मा जाणवणाऱ्या निवडक लोकांवरचा आहे. त्यातून फार तर इतके म्हणता येते की अशा काही व्यक्तींना दुधाने ती जाणीव वाढत असावी. शिंका, डोळ्यांची खाज आणि परागांना मिळणारा प्रतिसाद यांबद्दल तो काही सांगत नाही.

'मी सोडले आणि बरे वाटले'

तरीही अनुभवाचा दाखला देणारे पुष्कळ भेटतात आणि ते खोटे बोलत नाहीत. त्यांच्या अनुभवात एक गुंतागुंत दडलेली असते. माणूस उपाय करतो तो त्रास शिगेला पोहोचला असताना. शिगेनंतर उतार येतोच. कोजागरीला दूध सोडलेल्याचे नाक दिवाळीनंतर मोकळे होते. तोवर गवताचा बहर ओसरलेला असतो, भिंती वाळलेल्या असतात. त्याच काळात त्याने औषधाची गोळी घेतलेली असते, आइसक्रीम बंद केलेले असते, रात्री खिडकी लावून घेतलेली असते. यशाचे श्रेय मात्र सर्वांत मोठ्या त्यागाला मिळते. संख्याशास्त्र याला माध्याकडे परतणे म्हणते. ॲलर्जीच्या चाचण्यांत नुसत्या साखरेच्या गोळीनेही अनेकांना बरे वाटते. म्हणूनच तुलनेसाठी दुसरा गट आणि झाकलेली पेये लागतात. ब्लॅकली यांनी लक्षणांशेजारी परागांची मोजणी ठेवली, पिनॉक यांनी रुमाल तोलले. दोघांनीही जाणिवेला स्वतंत्र मापाची जोड दिली.

दुधाची खरी ॲलर्जी असणारे लोक आहेत, हे येथे विसरता कामा नये. ती मुख्यतः तान्ह्या मुलांत आढळते आणि बहुतेकांत वाढत्या वयात ओसरते. दूध घेतल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या, धाप लागणे ही तिची लक्षणे आहेत आणि ती वर्षाच्या कोणत्याही महिन्यात दिसतात. अशा व्यक्तीने दूध टाळलेच पाहिजे. दुधातली साखर न पचणे हा तिसराच प्रकार आहे. त्यात पोट बिघडते, नाक नाही. फक्त आश्विनात उद्भवणारा आणि मार्गशीर्षात मावळणारा त्रास या दोन्हींत बसत नाही.

दुधाबद्दलचा आणखी एक धागा तर उलट दिशेने जातो. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी 17,414 ब्रिटिश मुलांच्या नोंदींवरून दाखवले की ज्यांना भावंडे अधिक, त्यांना परागज्वर कमी. ब्लॅकली यांनाही शेतकरी या आजारातून वाचतात, हे खटकले होते. 2011 मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधील ग्रामीण मुलांच्या अभ्यासात गोठ्यातले न तापवलेले दूध पिणाऱ्यांत दमा आणि परागज्वर कमी आढळले. उकळलेल्या दुधात हा संबंध दिसला नाही. हे निरीक्षण आहे, सल्ला नव्हे. कच्च्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस यांसारखे रोग पसरतात, म्हणून दूध उकळण्याची भारतीय घरांची रीत सोडण्याचे कारण नाही. पण दुधाला ॲलर्जीचा मूळ आरोपी ठरवणाऱ्यांसाठी हे निष्कर्ष अडचणीचे आहेत.

किंमत कोण मोजते

एखादी निरुपद्रवी समजूत पाळली तर काय बिघडले, असे म्हणता येईल. प्रौढाने महिनाभर दूध सोडले तर बहुधा काही बिघडत नाही. प्रश्न मुलांचा आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे 2002 मध्ये गाईचे दूध दीर्घकाळ न पिणाऱ्या 3 ते 10 वर्षांच्या 50 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या आहारात कॅल्शियम कमी होते, उंची कमी होती आणि हाडे तुलनेने दुबळी होती. भारतातील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रौढांसाठी दररोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. गाईच्या 100 मिलिलिटर दुधात ते सुमारे 120 मिलिग्रॅम असते. शाकाहारी मराठी घरात दूध, दही आणि ताक हेच त्याचे मोठे स्रोत. ते काढून घेतले आणि नाचणी, तीळ, पालेभाज्या यांची जोड दिली नाही, तर त्या उणिवेचा हिशेब पुढे हाडांना द्यावा लागतो. नैतिक किंवा अन्य कारणाने दूध न घेणाऱ्यांना ही जोड देऊन उत्तम राहता येते. नाक बरे होईल या आशेने मुलाचे दूध तोडणाऱ्या घरात मात्र तिचा विचार सहसा झालेला नसतो.

दुसरी किंमत वेळेची आहे. नाकाची ॲलर्जी आणि दमा यांचे नाते जवळचे आहे. दुर्लक्षित नाक झोप बिघडवते, अभ्यास बिघडवते आणि दमा असल्यास तो बळावू शकतो. या आजारावर सिद्ध उपाय आहेत. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, झोप न आणणाऱ्या हिस्टामीनविरोधी गोळ्या, नाकात मारायचे स्टेरॉइडचे फवारे आणि निवडक रुग्णांत नून यांच्या वाटेने आलेली लस. कोणता उपाय कोणाला, हे वैद्यकीय तपासणीनेच ठरावे. दूध सोडून वाट पाहण्यात एक हंगाम जातो, मग दुसरा जातो.

ज्याला तरीही स्वतःवर प्रयोग करून पाहायचा आहे, त्याच्यासाठी इतिहासाने पद्धत शिकवून ठेवली आहे. एका वहीत रोज शिंका, डोळ्यांची खाज आणि नाक चोंदणे यांना शून्य ते तीन असे गुण द्यावेत. त्याच हंगामात दोन आठवडे दूध घ्यावे, दोन आठवडे सोडावे आणि पुन्हा दोन आठवडे घ्यावे. औषधे तीच ठेवावीत आणि पाऊस, वारा, कापणी यांची नोंद शेजारच्या रकान्यात करावी. एकदा सोडून बरे वाटणे पुरेसे नाही. पुन्हा सुरू केल्यावर त्रास परतला पाहिजे. मुलांवर मात्र हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि दुधाने कधी अंग सुजले वा धाप लागली असेल, त्याने तर मुळीच करू नये.

पुढच्या कोजागरीला शंकर नगरातल्या गच्चीवर पुन्हा पातेले चढेल आणि पुन्हा कोणाचे तरी नाक गळत असेल. त्याने दिवसा कोपऱ्यावरच्या मोकळ्या भूखंडातले गाजर गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून आणि नाकावर रुमाल बांधून, काढून घ्यायला शेजाऱ्यांना सांगावे. ओल ढळलेली भिंत घासून घ्यावी. मळणीच्या धुळीतून जाताना मुखपट्टी लावावी. डॉक्टरांनी दिलेला फवारा नियमाने वापरावा. आणि दुधाची खरी ॲलर्जी नसेल, तर रात्री आपला पेला घ्यावा. घशावर थोडा वेळ थर जाणवेल. वर एक घोट कोमट पाणी प्यायले की तो उतरतो.

#विज्ञानाचाइतिहास #ॲलर्जी #कोजागरी